बड्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडे एवढा पैसा आहे, तर पगार वाढवून त्या माणसांची टंचाई का संपवत नाहीत?

पैसा टाकून तयार माणूस उचलता येतो. नवा तयार होत नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं छोटं ऑफिस आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांसाठी, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांसाठी, सॉफ्टवेअर करतो: कुठल्या हीटचं (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचं) कास्टिंग कुठं गेलं, रिजेक्शन किती. गडहिंग्लजची एक पोरगी फ्रेशर म्हणून आली. पहिले सहा महिने मी तिला कोडपेक्षा भट्टीशेजारी जास्त उभं केलं. तीन वर्षांत फाउंड्रीचे मालक मला सोडून थेट तिला फोन लावायला लागले. मग पुण्याच्या एका कंपनीनं तिप्पट पगार देऊ केला. गेली. घरावर कर्ज होतं, जायलाच हवं होतं. तिच्यावर राग नाही.

राग थोरल्या भावावर आहे. तेव्हा तो भागीदार होता. म्हणाला, "बघ, पैसं टाकलं की माणसं मिळत्यात. आपण बी टाकूया." कर्ज काढून तिच्या दुप्पट पगारावर दोन अनुभवी माणसं आणली. हुशार होती, पण हीट नंबर म्हणजे काय, इथपासून सुरुवात. शिकवणार कोण? मी आणि उरलेला एकटा पोरगा. दोन महिन्यांचं काम सात महिने चाललं. आयबीएमच्या मोठ्या कॉम्प्युटरची ओएस/३६० ही ऑपरेटिंग सिस्टीम करून घेतलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की ते आणखी रखडतं. हे मी दादाला वाचून दाखवलं होतं.

बड्यांचंही तेच. एकीनं पगार वाढवला की दुसरीकडं खुर्ची रिकामी होते. आणि टंचाईची ओरड करणाऱ्या ह्याच कंपन्या! ॲपल, गूगल, इंटेल, अडोबी यांनी एकमेकांची माणसं फोडायची नाहीत असं आपसात ठरवल्याचा खटला झाला, २०१५ मध्ये ४१.५ कोटी डॉलर देऊन तो मिटवावा लागला. मेटानं नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० लोकांना घरी पाठवलं. ह्याला मी टंचाई म्हणत नाही.

पगार कमी द्या, असं मी म्हणत नाही. चांगला पगार दिसला की जास्त पोरं ह्या शिक्षणाकडं वळतात, पण डिग्रीची चार वर्षं आणि वर हाताखाली घालवलेली दोन-तीन, ती कोण विकत घेणार? तुमची स्वतःची कंपनी असेल तर फ्रेशर घ्या आणि तुम्ही स्वतः शिकवायला बसा.

त्या दोघांच्या एका वर्षाच्या पगारात चार फ्रेशर दोन वर्षं शिकले असते. दादा, हिशोबाची वही अजून माझ्याकडं आहे. कधीही येऊन बघ.