घर्षण असलेल्या उतारावर ऊर्जा अक्षय्यतेचा नियम चालतो का?

तू विचारलंयस, दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, आता पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स इंग्रजीतून आहे, आणि उतारावर फ्रिक्शन आलं की ऊर्जेचा नियम लावायचा की सोडायचा तेच कळत नाही.

बिनधास्त लाव. फक्त घर्षणाने खाल्लेली ऊर्जाही हिशेबात धर. ती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. विहिरीवर हातातून दोर सर्रकन सुटला की तळवा भाजतो, ती हीच.

मी निपाणीत शिकवण्या घेतो. चिकोडी, संकेश्वरकडची मुलं नेमकी इथेच अडतात, म्हणून बाजारातलं उदाहरण देतो. ट्रकमधून ५० किलोचं साखरेचं पोतं फळीवरून खाली सोडलं. उंची १.२ मीटर, फळी २ मीटर, घर्षण गुणांक (म्यू) ०.५, जी म्हणजे गुरुत्व त्वरण १० धर.

वरची स्थितिज ऊर्जा एमजीएच, म्हणजे वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची: ५० × १० × १.२ = ६०० ज्यूल. आता घर्षण. इथे बहुतेक जण म्यू गुणिले एमजी लिहून मोकळे होतात. पण फळी तिरकी आहे, पोत्याचं सगळं वजन तिच्यावर दाबत नाही. दाबतो तो एमजी कॉस थीटा एवढाच भाग; थीटा म्हणजे फळीचा जमिनीशी कोन. फळीखालची जमीन मोजली तर १.६ मीटर भरते, म्हणून कॉस थीटा १.६ ÷ २ = ०.८. घर्षण बल ०.५ × ५०० × ०.८ = २०० न्यूटन. दोन मीटरला ४०० ज्यूल गेले, उरले २०० ज्यूल. तीच खालची गतिज ऊर्जा. त्यावरून वेगाचा वर्ग ८, वेग सेकंदाला सुमारे २.८ मीटर. घर्षण नसतं तर ४.९ आला असता.

एकदा एमजीएच धरलंस की एमजी साइन थीटाचं, म्हणजे वजनाच्या उताराच्या दिशेतल्या भागाचं, कार्य परत मिळवू नकोस, ते एकच आहे. आणि प्रश्नात वेळ विचारला असेल तर न्यूटनच्या नियमांकडेच जा.

हेच पोतं हळूहळू वर ओढायचं असेल तर? घर्षण तेव्हाही आडवंच येतं: ६०० अधिक ४००, म्हणजे १००० ज्यूल. दोन मीटरला भागलं की जोर ५०० न्यूटन. सरळ उचलायलाही तेवढाच लागतो! आमच्याकडे हमाल पोतं उतरवताना फळीवरून सोडतात, चढवताना मात्र पाठीवर घेतात. ते बघताना मला दर वेळी हे गणित आठवतं.