घशातले बिनत्रासाचे जंतू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या तीन वर्षांच्या मुलीच्या घशाच्या स्वॅबमध्ये 'नायसेरिया लॅक्टामिका' निघाला. हा म्हणे मेनिंजायटिसच्या जंतूचा भाऊबंद. अँटिबायोटिक सुरू करायचं का?
– एक वाचक, परळ

उत्तर : या जंतूसाठी नको. लहान मुलांच्या नाकाघशात तो सर्रास सापडतो आणि वय वाढेल तसा कमी होतो. ताप असेल तर त्याचं कारण डॉक्टरांना वेगळं शोधू द्या.

आधी रिपोर्ट मात्र नीट वाचा. लॅक्टामिका आणि मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणांची सूज) घडवणारा त्याचा भाऊबंद मेनिंगोकॉकस, हे दोन्ही नायसेरिया सूक्ष्मदर्शकाखाली जोडी-जोडीनेच दिसतात आणि दोघांची ऑक्सिडेज चाचणी पॉझिटिव्ह येते, त्यामुळे घाईत गफलत होऊ शकते. लॅक्टामिका लॅक्टोज फोडतो, म्हणून त्याची 'ओएनपीजी' चाचणी पॉझिटिव्ह येते; मेनिंगोकॉकसची येत नाही. ती केली होती का, हे लॅबला विचारा.

आता भाऊबंदकीचं. मेनिंगोकॉकसभोवती पॉलिसॅकराइडचं कवच असतं, त्याच्या जोरावर तो रक्तात तग धरतो. लॅक्टामिकाला ते कवचच नाही. बाहेरच्या पडद्यावरची बरीच प्रथिनं मात्र दोघांची मिळतीजुळती. लॅक्टामिका महिनोन्‌महिने घशात राहतो तेव्हा शरीर त्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, आणि ती मेनिंगोकॉकसलाही काही प्रमाणात चिकटतात. अमेरिकेत 1969 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की ज्या वयात अशी मारक प्रतिपिंडं सर्वांत कमी, त्याच वयात हा आजार सर्वांत जास्त. लहानपणी मेनिंगोकॉकस घशात फारसा नसतोच. तरी प्रतिपिंडं वाढत जातात. त्याचं बरंचसं श्रेय संशोधक लॅक्टामिकाला देतात.

प्रतिपिंडं हा अर्धाच भाग झाला. ब्रिटनमध्ये 310 विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाच्या नाकात सुमारे 10 हजार जिवंत लॅक्टामिका असलेले थेंब सोडले होते. दोन आठवड्यांतच त्या गटात मेनिंगोकॉकस बाळगणारे कमी झाले. इतक्या झटपट झालेला फरक केवळ प्रतिपिंडांचा वाटत नाही. जागा आधीच अडवली, की दुसऱ्याला शिरकाव अवघड जातो, लोकलमधल्या चौथ्या सीटसारखा. (हे थेंब औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. शोधू नका.)

प्रश्न : असे जंतू लहानपणी होऊन गेलेच असतील, मग हॉस्टेलवर जाणाऱ्या मुलाला लस कशाला?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ही देणगी अर्धवट असते म्हणून. लॅक्टामिकामुळे तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची थेट जंतू मारण्याची ताकद बेताचीच. शिवाय तरुण वयात लॅक्टामिका घसरतो आणि मेनिंगोकॉकस वाढतो. त्यात हॉस्टेलची दाटी. मेनिंगोकॉकसच्या ए, सी, डब्ल्यू, वाय या चार गटांवरची लस डॉक्टरांना विचारून निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्या. हज यात्रेकरूंनाही हीच लस पोचण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. ताप, मान आखडणं आणि काचेचा ग्लास दाबूनही न मिटणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : रोज जंतुनाशक गुळण्या चांगल्या का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : काही कारण नसेल तर नाही. त्या जंतूंमध्ये आपला-परका ओळखत नाहीत. घसा खवखवला तर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे. त्याने जंतू मरत नाहीत, आराम पडतो. स्ट्रेप्टोकॉकसची लागण तपासणीत सिद्ध झाली, तर मात्र डॉक्टरांनी दिलेला कोर्स मधेच सोडू नका. संधिवाताचा ताप आणि त्यातून हृदयाच्या झडपांना होणारी इजा टाळायची असते. स्वॅब द्यायचा असेल तर अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्या.