रस्त्यावर बसण्याआधी

हवामानाच्या आंदोलनात परवानगीचा मोर्चा वेगळा आणि मुद्दाम कायदा मोडणं वेगळं. दुसऱ्यात अटक होणार, असं धरूनच चाल.

'हवामानासाठी केलं' या बचावावर विसंबू नकोस. इंग्लंडमध्ये किंग्जनॉर्थच्या कोळसा वीजकेंद्राच्या धुराड्यावर नाव रंगवणारे आंदोलक २००८ मध्ये ज्यूरीने निर्दोष सोडले, हे सगळेच कौतुकाने सांगतात. पण 'हवामानाचं खरं कळलं असतं तर नुकसान झालेल्या मालमत्तेच्या मालकाने संमतीच दिली असती' हा बचाव तिथल्याच अपील कोर्टाने २०२४ मध्ये बाद केला, ते कुणी सांगत नाही. त्याच वर्षी लंडनभोवतीचा एम-२५ महामार्ग अडवण्याच्या कटासाठी पाच जणांना चार ते पाच वर्षांची शिक्षा झाली (पुढे अपिलात थोडी कमी झाली). पुराव्यात त्यांचा झूम कॉल होता. म्हणून ग्रुपवर फुशारक्या मारू नकोस, बेत आखणंही गुन्हा ठरू शकतं.

वकिलाचा नंबर दंडावर पेनने लिही, फोन आधी जप्त होतो. मी पहिल्या वेळी चिठ्ठीवर लिहिला होता, घामाने पार पुसला. नाव-पत्ता विचारतील. बाकी जबाब वकील आल्यावरच. न वाचता सही तर अजिबात नको. आणि परदेशी शिकायला जायचं असेल, तर गुन्ह्याची नोंद व्हिसाच्या अर्जात आडवी येऊ शकते, हे घरी आधीच बोलून घे.