साखर धावबाद झाली

प्रश्न : नमस्कार बाई. माझा मुलगा आठवीत आहे. त्याने इंग्रजीतल्या ‘रन’ या एकाच क्रियापदाचे ३७ अर्थ वहीत उतरवून घेतलेत आणि रोज सकाळी पाढ्यांसारखे म्हणतो. पानाचा फोटो सोबत पाठवलाय. एकूण अर्थ आहेत तरी किती? आणि हे सगळं पाठ करायलाच हवं का?
— एक आई, फलटण

उत्तर : पान बघितलं. अक्षर वळणदार आहे, समास आखलाय आणि बाविसाव्या ओळीत ‘वाहणे’ लिहून त्यापुढे बारीक अक्षरात ‘फक्त नाक’ अशी टीपही दिलीय. पोरगा कष्टाळू आहे, यात शंका नाही. तरीही ती वही काही दिवस कपाटात ठेवा.

आधी आकडा सांगते. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची वीस खंडांची आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा त्यातली सगळ्यात लांबलचक नोंद ‘सेट’ची होती. पुढे कोशाची फेरतपासणी सुरू झाली आणि ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार या एका क्रियापदावर नऊ महिने बसले होते. अर्थ भरले ६४५. म्हणजे तुमच्या चिरंजीवांचे अजून ६०८ राहिलेत.

मी एकतीस वर्षं तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवलं. एकदा नववीच्या पेपरात ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’ याचं मराठी करायला दिलं होतं. एकाने लिहिलं, ‘आमची साखर धावबाद झाली.’ मी ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं, सगळे पोट धरून हसले, आणि मी त्याला अर्धा गुण दिला. आता वाटतं, पूर्ण द्यायला हवा होता. डबा रिकामा झालाय, साखर आता खेळात नाही, एवढं त्याला बरोबर कळलं होतं. अडला होता तो नेमक्या मराठी शब्दापाशी.

त्यानंतर मी यादी देणं बंद केलं. फळ्यावर वाक्य लिहायचे आणि ‘रन’च्या जागी नुसती रेघ मारायचे. ‘द टॅप इज...’ मग विचारायचे, नळाचं काय होत असेल रे? पोरं म्हणायची, वाहत असेल. एसटीचं? धावते. किराणा दुकानाचं? चालतं. गावातून रस्ता? जातो. नव्या साडीचा रंग पहिल्या धुण्यात? तोही जातोच! उन्हाळ्यात विहीर? आटते. प्रत्येक वेळी मराठी क्रियापद पोरांच्या तोंडात तयार असायचं. मग मी रेघेवर ‘रन’ लिहायचे. धावतंय कोण ते बघायचं, अर्थ त्याच्या मागोमाग येतो. विहिरीच्या वाक्यात मात्र ‘रन’च्या मागे ‘ड्राय’ असतो, आणि आटण्याचं निम्मं काम तोच करतो. असे जोडीदार तेवढे वाक्यासकट लक्षात ठेवावे लागतात.

आणि इंग्रजीला फार नावं ठेवू नका. आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, फोन लागतो, दुपारी जरा डोळा लागतो. घाटात काहींना गाडी लागते. जावेचं बोलणं लागतं ते वेगळंच. भाजी लागली म्हटलं की आपण पातेल्याच्या बुडाकडे बघतो आणि झाडाला कैऱ्या लागल्या म्हटलं की वर बघतो; यात कधी कुणाची गफलत झालेली मी तरी पाहिली नाही. माझ्या भाचीची अमेरिकेत वाढलेली मुलगी सुटीत आली होती. तिने एके दिवशी वैतागून विचारलं, ‘आजी, तुमच्याकडे सगळं लागतंच का?’ तिच्यासाठी मी काही ३७ ओळींची वही केली नाही. महिनाभर स्वयंपाकघरात माझ्या मागेमागे फिरली आणि जाताना आईला म्हणाली, ‘मला इथलं पाणी लागलं.’

तेव्हा मुलाला आठवड्याला पाचच वाक्यं करायला सांगा, तीही घरातली. पंखा, नळ, बाबांचं दुकान, आजोबांचा ताप, धाकटीचं नाक. आणि ती ‘फक्त नाक’ची टीप खोडायला सांगा. नळही वाहतो, वर दाखवलाच आहे.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. निवडणुकीच्या बातम्यांत कुठे ‘रनिंग फॉर प्रेसिडेंट’ वाचतो, तर कुठे ‘स्टँडिंग फॉर पार्लमेंट’. बरोबर कोणतं?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : दोन्ही. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी धावतो, ब्रिटनमधला उभा राहतो. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं बहुतेक वेळा तिसरंच ‘कंटेस्ट’ वापरतात, तुम्हीही तेच लिहा, कुठे अडणार नाही. आपली मराठी इथे ब्रिटनच्या बाजूची आहे, आपलाही उमेदवार उभाच राहतो. फक्त त्याला आतून समजावून, अर्ज मागे घ्यायला लावून ‘बसवतात’, त्याचं इंग्रजी करायला परीक्षेत आलं तर ‘सिट’ लिहू नका.