दिव्यांगसेवेसाठी स्मृती-शिष्यवृत्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी होती. त्याच्या नावे १० लाखांची शिष्यवृत्ती ठेवायची आहे. स्वतंत्र ट्रस्ट काढावा का? (सांगली)

एवढ्या रकमेसाठी नको. धर्मादाय नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, विवरणपत्रं यातच व्याज संपेल. दिव्यांगसेवेचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे कायम निधी म्हणून रक्कम द्या. चेकसोबत लेखी पत्र हवंच : ‘ही रक्कम मूळ निधीत जमा करावी, शिष्यवृत्ती फक्त व्याजातून द्यावी.’ हे वाक्य लिहायचं राहिलं, की देणगी चालू उत्पन्नात धरली जाते आणि कधीतरी इमारतीच्या रंगात जाते. अभ्यासक्रम बंद पडला तर पैसे कशाकडे वळवायचे, तेही त्याच पत्रात लिहा. रोख २,००० रुपयांहून अधिक दिल्यास करसवलत नाही. सवलत मिळते तीही जुन्या करप्रणालीत.

आता हिशेब. व्याज ७ टक्के धरलं तर वर्षाला ७०,००० रुपये. करमाफीसाठी अशा संस्थेला उत्पन्नाचे ८५ टक्के खर्चावे लागतात, १५ टक्के राखता येतात. ते १०,५०० मुद्दलात घालायला सांगा, म्हणजे महागाईने निधी थोडा कमी झिजेल. उरलेले ५९,५०० एकाच विद्यार्थ्याला द्या. पाच जणांत वाटले तर फोटो पाच निघतात, पण कुणाचीच फी भरली जात नाही.

प्रश्न : कोणते अभ्यासक्रम पात्र ठरवावेत? (नाशिक)

विशेष शिक्षण, वाचा-श्रवणोपचार, कृत्रिम अवयवनिर्मिती यांना भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता लागते. ती संस्थेला सरसकट मिळत नाही. अभ्यासक्रम, सत्र आणि प्रवेशसंख्या ठरवून मिळते. म्हणून संस्थेचं नाव यादीत दिसलं एवढ्यावर थांबू नका. अमान्य तुकडीतून उत्तीर्ण झालेल्याला केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत क्रमांक मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणं १९९२च्या आरसीआय कायद्यानुसार गुन्हा आहे. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी मात्र आरसीआयकडे येत नाहीत. राज्यात त्यांची परिषद वेगळी आहे. नियमावलीत सगळ्यांना एकच अट घातली तर हे विद्यार्थी उगाच बाद होतात.

मुदतही नीट पाहा. वाचा-श्रवणोपचाराची पदवी ४ वर्षांची असते, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. अनेक शिष्यवृत्त्या ३ वर्षांवर थांबतात, आणि नेमकं त्या चौथ्या वर्षी घराबाहेर राहण्याचा खर्च वाढतो.

प्रश्न : शिक्षणानंतर २ वर्षं ग्रामीण भागात काम करण्याचा बाँड घ्यावा का? (लातूर)

आमचं मत : घेऊ नये. बारावीनंतरचा विद्यार्थी बऱ्याचदा १७ वर्षांचा असतो आणि अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार कायद्याने शून्य असतो. सज्ञानाचा बाँड घेतलात तरी ५०-६० हजारांसाठी कोर्टात कोण जाणार? त्यापेक्षा हप्ते पाडा. पहिला हप्ता प्रवेशाच्या पावतीवर, फी भरण्याच्या मुदतीआधी. दुसरा पहिल्या सत्राच्या निकालावर आणि प्रात्यक्षिकाच्या हजेरीवर. शेवटच्या वर्षाचा थोडा भाग नोंदवही क्रमांक मिळाल्यावर द्या. अभ्यास सुटण्याची वेळ बहुतेक पैसे उशिरा आल्यानेच येते. फेब्रुवारीत येणाऱ्या शिष्यवृत्तीचा ऑगस्टच्या फीला काय उपयोग?

निवड समितीत एक दिव्यांग व्यक्ती आणि एक पालक असावेत. ‘सेवेची आवड’ असं सगळेच लिहितात. मुलाला व्हीलचेअरवरून खाटेवर घेताना आधी काय करशील, असं विचारलं की पाच मिनिटांत अंदाज येतो. ब्रेक लावणं आणि त्या मुलाला आधी सांगणं, या दोन गोष्टी उत्तरात आल्या पाहिजेत.

प्रश्न : मला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. स्मृती-शिष्यवृत्तीही घेतली तर ती बंद होईल का? (नांदेड)

अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर योजनेत दुसरी शिष्यवृत्ती सोबत घेता येत नाही. मात्र पुस्तकं, साहित्य आणि राहण्या-जेवणासाठी इतरांकडून मदत घ्यायला मुभा आहे. म्हणून मंजुरीपत्रात ‘शिष्यवृत्ती’ऐवजी ‘पुस्तके व वसतिगृह खर्चासाठी साहाय्य’ असा उल्लेख असावा, आणि पैसे खरोखर त्यासाठीच वापरून पावत्या जपाव्यात. इतर योजनांच्या अटी वेगळ्या असतात. अर्ज भरण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात हे पत्र दाखवा.

प्रश्न : या रकमेवर कर लागतो का? (पणजी)

शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेल्या शिष्यवृत्तीवर कर नाही. इंटर्नशिपमध्ये कामाचा मोबदला म्हणून मिळणारं विद्यावेतन यात आपोआप बसत नाही, तेवढं वेगळं तपासा.