रंधा मारताना वर्कबेंच डुलू नये म्हणून पाय किती जाड घ्यावेत?

ठाण्याच्या घोडबंदर रोडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बंद केलेली बाल्कनी, ५ फुटी बेंच आणि पाय ३ इंची की ४ इंची, असं विचारलंय तुम्ही. पायांची जाडी सोडा हो. माझ्या पहिल्या बेंचचे पाय चांगले ४ इंची होते, तरी रंध्याच्या प्रत्येक हाताबरोबर तो बोटीसारखा डुलायचा.

उभं वजन पेलायला ३ इंची लाकूड पुष्कळ झालं. पण रंधा आडवा ढकलतो, आणि तो जोर येतो पाय नि त्यांना जोडणारी आडवी पट्टी जिथे भेटतात त्या सांध्यावर. मी तिथे पत्र्याचे एल-अँगल मारले होते. दोन महिन्यांत स्क्रूची भोकं सैल. कोपरे ढिले झाले की चौकट तिरकी होणारच. म्हणून मागच्या दोन पायांना, वरपासून खालच्या पट्टीपर्यंत, १२ मिमी प्लायचा अखंड तुकडा लावा, दर ४ इंचांवर स्क्रू. माझा दुसरा बेंच एवढ्यानेच उभा राहिला. डावी-उजवी चौकट फेविकॉल लावून कायमची पक्की करा, पण लांबीच्या पट्ट्या १२ मिमीच्या नट-बोल्टने. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. नट पुन्हा आवळता येतो, भोक सैल झालेला स्क्रू नुसता आवळून घट्ट होत नाही. शिवाय घर बदलताना बेंच सुटा होऊन लिफ्टमधून जातो. (माझा पहिला जिन्यावरून उतरवला, त्यात भिंतीचा रंग गेला.)

वरच्या फळीला सागवान घेऊ नका. महाग तर आहेच, पण खाडीच्या हवेत रुंद लाकडी फळी वर्षभर हलत राहते. १९ मिमी मरीन प्लायची ८ बाय ४ ची एक शीट घ्या, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघून. त्यातून ५ बाय २ चे दोन तुकडे निघतात, ते एकमेकांवर चिकटवा. नुसते एकावर एक ठेवले तर ताकद दुप्पट, पण चिकटून एक झाले तर वाकायला जवळपास आठपट कठीण. क्लॅम्प नव्हते तेव्हा मी वर २० लिटरचे पाण्याचे जार रात्रभर ठेवले होते. उरलेले ३ बाय २ चे दोन तुकडे खालच्या फळीला.

पायांसाठी वखारीत साल किंवा मेरांटीचं लाकूड मागा. न्हावा शेवा बंदरातून आलेल्या मालाची पाइनची पॅलेट्स भंगारवाल्यांकडे मिळतात, तीही चालतील. फक्त शिक्का वाचा: एचटी म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घरात आणू नका.

उंचीसाठी किचनच्या ओट्याकडे बघू नका. ताठ उभे राहून हात खाली सोडा, मनगटाची घडी जिथे येईल तेवढी बेंचची उंची. मी ५ फूट ३ इंच, माझा बेंच ३१ इंचांचा. वाइस (लाकूड घट्ट धरणारा शिकंजा) बसवायचा तो पायाच्या डोक्यावर. पटाशीचं काम, ठोकाठोकी सगळी तिथेच करा, मधोमध नको. फळी दणदणते आणि खालच्या मजल्यावरचे वर येतात.

आता घसरणं. डुलणं थांबलं तरी व्हिट्रिफाइड टाइल्सवर बेंच अख्खा सरकतो. पायांखाली पातळ रबर लावा. फरशी पुसताना लाकडाच्या टोकातून पाणीही चढत नाही. आणि खालच्या फळीवर वजन हवंच. बहुतेक घरांत पोटमाळ्यावर उरलेल्या टाइल्सचे बॉक्स पडलेले असतात, त्यांना एकदाचं काम मिळतं. फक्त एवढं वजन घराच्या भिंतीला लागून ठेवा, बाल्कनीच्या कठड्याकडे नको.