शिबिरातली चौथी रात्र

एप्रिलमध्ये यवतमाळ जिल्ह्यातले एक शेतकरी माझ्याकडं सल्ला विचारायला आले. आठवीतल्या मुलीला गुरुदेव सेवा मंडळाच्या उन्हाळी शिबिराला जायचं होतं. घरात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आजोबांपासून चालत आलेली, त्यामुळं विरोध नव्हता. हिशेब जुळत नव्हता. "मॅडम, लेझीम अन् प्रार्थना करून पोट्टीले पुढं काय भेटनार हाय? तिच्या वर्गातले पोट्टे 'नीट'च्या फाउंडेशनले लागले." थोडं थांबून त्यांनी मनातली दुसरी भीतीही सांगितली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाजवळ सोमनाथला बाबा आमट्यांच्या श्रमसंस्कार छावणीत गेलेले काही तरुण पुढं आनंदवनाच्या कामातच राहिले, हे त्यांनी ऐकलं होतं. म्हणजे शिबिरातून काहीच मिळणार नाही ही एक धास्ती, आणि पोरगी घरच सोडेल ही दुसरी.

मी त्यांना एका परिचारिकेबद्दल सांगितलं. ती माझ्याकडं आली होती वेगळ्याच कारणानं, रात्रपाळीमुळं झोप उडाली होती म्हणून. बोलता बोलता तिनं सातवीत केलेल्या अशाच शिबिराचा विषय निघाला. पहिल्या तीन रात्री ती पांघरुणात तोंड खुपसून रडली. चौथ्या दिवशी ताईंनी तिच्याकडं रांजण भरायचं काम दिलं. मे महिन्यातलं ऊन, पारा पंचेचाळिशीला टेकलेला, पोरं सारखी पाण्याला येत होती. कोणता रांजण कधी रिकामा होतो हे तिला दोन दिवसांत पाठ झालं. पण काम मिळालं त्या चौथ्या रात्रीच ती कधी झोपली, तिलाच कळलं नाही.

शिबिरानं तिला परिचारिका केलं असं मी म्हणणार नाही. तिची मावशी एएनएम, म्हणजे आरोग्य केंद्रातली परिचारिका होती, वाट तिथूनच दिसली. पण नर्सिंगसाठी ती नागपूरच्या होस्टेलला गेली, तेव्हा खोलीतल्या तिघींपैकी दोघी महिन्याभरात सामान बांधून परतल्या. ही राहिली. "रडू येते अन् मंग थांबते, हे मले मालूम होतं," ती म्हणाली. खेड्यातल्या किती हुशार मुलींचं शिक्षण त्या पहिल्या महिन्यात तुटतं, ते मी दरवर्षी पाहते. गुण कमी पडले म्हणून नव्हे. घराबाहेरची रात्र त्यांनी आधी कधी काढलेलीच नसते.

सोमनाथच्या भीतीवर मी एवढंच म्हटलं, की तिथून बहुतेक जण आपापल्या घरीच परततात.

मग कामाचं बोललो. मुलींच्या निवासात रात्री बाई कार्यकर्ती असते का, दुपारी उन्हात कार्यक्रम ठेवतात का, पाण्याची आणि डॉक्टरची सोय काय, हे स्वतः जाऊन विचारा. परत आल्यावर 'काय शिकून आली?' म्हणून परीक्षा घेऊ नका. कोणाशी गट्टी जमली, कोणतं काम वाट्याला आलं, ते विचारा. आणि घरातलं एखादं काम पूर्णपणे तिच्यावर सोपवा, दुधाचा हिशेब म्हणा किंवा बँकेचं पासबुक. नाहीतर तिकडं भरलेलं इकडं आटतं.

मे महिन्यात, शिबिराच्या तिसऱ्या संध्याकाळी, त्यांचा फोन आला. आवाज कापत होता. "मॅडम, रडली हो फोनवर."

"न्यायला या म्हणाली का?"

"नाही. उद्या भाकरीची पाळी हाय म्हणे तिची."

"मग आज जाऊ नका," मी म्हटलं.